वंध्यत्वाची कारणशोध तपासणी : आमच्या हाती नेमके काय आले

हे परीक्षण एका वंध्यत्व-चिकित्सा केंद्राच्या निदानसेवेचे आहे. तेथे आम्ही अद्याप कोणताही उपचार घेतलेला नाही, त्यामुळे उपचारांबद्दल मी काही लिहिणार नाही. मूल होत नसलेल्या जोडप्यातील दोघांचीही तपासणी करून, सापडेल तेवढे कारण शोधून त्याचा लेखी अहवाल हाती देणे, एवढेच या सेवेचे काम आहे. आम्हाला त्यासाठी तीन महिन्यांहून थोडा अधिक काळ आणि सात भेटी लागल्या. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. माझ्या काही तक्रारी आहेत हे एक कारण, आणि अशी सेवा आता बऱ्याच ठिकाणी साधारण याच पद्धतीने मिळते हे दुसरे. ज्यांना ती घ्यायची आहे त्यांना नावापेक्षा तिच्यात काय पाहावे आणि काय विचारावे याचा उपयोग अधिक होईल.

माझे वय ३३ आणि माझ्या पतींचे ३६. आम्ही तीन वर्षांपासून प्रयत्न करत आहोत. बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ नियमित आणि कोणत्याही प्रतिबंधाशिवाय संबंध असूनही गर्भधारणा न होणे म्हणजे वंध्यत्व, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे, आणि याच संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे साधारण सहांपैकी एकाला, आयुष्यात कधी ना कधी याला सामोरे जावे लागते. या केंद्रात येण्यापूर्वीची दोन वर्षे आम्ही दुसऱ्या एका दवाखान्यात जात होतो. त्या काळात माझी अकरा वेळा सोनोग्राफी झाली, चार वेळा रक्त तपासले गेले, पाच महिने स्त्रीबीज तयार होण्याच्या गोळ्या दिल्या गेल्या, आणि माझ्या पतींच्या वीर्याची तपासणी एकदाही झाली नाही. ते प्रत्येक वेळी माझ्याबरोबर येत, बाहेरच्या बाकावर बसून राहत आणि माझ्याबरोबर परत येत. याचा राग मला आजही आहे. मूल न होण्यामागे जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचा काही ना काही घटक असतो, कधी एकटाच तर कधी स्त्रीकडच्या कारणासोबत, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शिवाय वीर्यतपासणीत सुई नाही, भूल नाही, वेदना नाही. ती न करता एखाद्या स्त्रीला महिनोन्महिने औषधे देत राहणे मला अक्षम्य वाटते.

या केंद्राबद्दल माझे मत पहिल्या भेटीतच चांगले झाले, त्याचे कारण डॉक्टरांच्या टेबलासमोर मांडलेल्या दोन खुर्च्या. जवळजवळ पाऊण तास आम्हा दोघांनाही प्रश्न विचारले गेले, आणि त्यातले निम्मे माझ्या पतींना होते. लहानपणी अंडकोष खाली उतरलेले होते का, गालगुंड झाले होते का, हर्नियाची शस्त्रक्रिया झाली आहे का, गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का, शरीर कमावण्यासाठी कधी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतली होती का, कामाच्या जागी उष्णता, द्रावणे किंवा कीटकनाशके यांच्याशी संबंध येतो का. टेस्टोस्टेरॉनच्या प्रश्नावर माझे पती चमकले, कारण त्या औषधाने पुरुषत्व वाढत असेल असाच त्यांचा समज होता. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश थांबतो आणि शुक्राणूंची निर्मिती बंदही पडू शकते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. माझ्या पतींनी असे काही घेतलेले नव्हते, पण हा प्रश्न प्रत्येक पुरुषाला विचारला जायला हवा.

कामाच्या जागेचा प्रश्न मला त्या वेळी औपचारिक वाटला होता. नंतर याविषयी वाचताना कळले की कारणशोधाच्या इतिहासातील एक मोठा धडा कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून मिळालेला आहे. १९७७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथे डीबीसीपी हे कीटकनाशक तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगारांच्या लक्षात आले की आपल्यापैकी कोणालाच बरीच वर्षे मूल झालेले नाही. त्यांनी तपासणीची मागणी केली, आणि अनेकांच्या वीर्यात शुक्राणू अत्यल्प किंवा मुळीच नसल्याचे निघाले. त्यानंतर त्या रसायनाच्या वापरावर बंदी येत गेली. तुम्ही काय काम करता हा प्रश्न न विचारणाऱ्या डॉक्टरांना असे कारण कधीच सापडणार नाही.

वीर्यतपासणी या केंद्रात सर्वांत आधी होते आणि ती ज्या काळजीने होते तिच्याविषयी सविस्तर लिहिले पाहिजे. नमुना देण्यापूर्वी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवसांचा संयम, म्हणजे त्या काळात वीर्यस्खलन टाळणे, सांगितला गेला. नमुन्यासाठी प्रयोगशाळेला लागूनच स्वतंत्र खोली होती, तिला आतून कडी होती आणि दारावर कोणी थाप मारत नव्हते. ज्यांनी इतरत्र सार्वजनिक स्वच्छतागृहात नमुना दिला असेल त्यांना याचे मोल कळेल. डबीवरच्या चिठ्ठीत नाव, नमुना दिल्याची वेळ आणि संयमाचे दिवस यांबरोबरच नमुना पूर्ण जमा झाला की काही सांडला, अशीही एक ओळ होती. वीर्याच्या पहिल्या भागातच शुक्राणूंची संख्या सर्वाधिक असते, त्यामुळे नेमका तोच भाग सांडला तर अहवाल उगीचच वाईट येतो, असे तेथील तंत्रज्ञ बाईंनी सांगितले. नमुना पातळ होऊ देऊन तासाभराच्या आत तो सूक्ष्मदर्शकाखाली गेला.

त्यांनी आम्हाला पडद्यावर तो दाखवलाही. आधी काचेवरचा ताजा थेंब आला. त्यात काही शुक्राणू सरळ रेषेत झपाट्याने जात होते, काही जागच्या जागी वळवळत होते आणि बरेच स्थिर होते. मग मोजणीची काच आली, जिच्यावर बारीक चौकटी आखलेल्या असतात. मोजणी चुकू नये म्हणून त्या नमुन्यातील शुक्राणू आधी निश्चल केलेले असतात. बाई प्रत्येक चौकट पाहत हातातल्या मोजणीयंत्राचे बटण दाबत होत्या, आणि किमान दोनशे शुक्राणू मोजून झाल्यावर त्याच नमुन्याचा दुसरा थेंब घेऊन सारे पुन्हा पहिल्यापासून मोजत होत्या. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा मोजावे लागते, असे त्या मान वर न करता म्हणाल्या. माझे पती पडद्याकडे टक लावून पाहत होते. तीन वर्षांत या प्रश्नातला त्यांचा वाटा त्यांना पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसत होता.

अहवालात संख्या प्रति मिलिलिटर ११ दशलक्ष आणि पुढे सरकणाऱ्या शुक्राणूंचे प्रमाण २२ टक्के आले. दोन्ही आकड्यांपुढे लाल अक्षरांत ‘कमी’ असे छापलेले होते, आणि तो कागद आम्हाला डॉक्टरांना भेटण्याच्या दोन दिवस आधी मोबाइलवर मिळाला. हा माझा पहिला आक्षेप आहे. त्या दोन दिवसांत माझे पती धड जेवले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या प्रयोगशाळा-पुस्तिकेत संख्येची खालची मर्यादा १६ दशलक्ष आणि पुढे सरकणाऱ्यांची ३० टक्के आहे, इतके त्या कागदावर होते. ती मर्यादा कशी ठरली ते मात्र नव्हते. भेटीत डॉक्टरांनी ते सांगितले. ज्यांच्या पत्नीला वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने तपासून, त्यांतील सर्वांत खालचे पाच टक्के जेथे संपतात तेथे ही रेघ ओढलेली आहे. म्हणजे बाप झालेल्या शंभर पुरुषांतही पाच जण या रेघेखालीच होते, आणि रेघेच्या वर असूनही ज्यांना मूल होत नाही असे पुरुषही पुष्कळ आहेत. ही दोन वाक्ये अहवालावरच छापली असती तर ते दोन दिवस वाचले असते.

यानंतर डॉक्टरांनी तापाची नोंद काढली. नमुना देण्यापूर्वी पाच आठवडे माझ्या पतींना चार दिवस चांगलाच ताप होता. शुक्राणू मूळ पेशीपासून पूर्ण तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि त्यानंतर बाहेर येण्याच्या मार्गावर आणखी काही दिवस जातात, त्यामुळे आज दिसणारा नमुना हा अडीच-तीन महिन्यांपूर्वीपासून चाललेल्या घडणीचा हिशेब असतो. त्यांनी कोणतेही औषध न लिहिता पुन्हा तपासणीची तारीख दिली. दुसऱ्या तपासणीत संख्या ४१ दशलक्ष आणि पुढे सरकणाऱ्यांचे प्रमाण ३८ टक्के आले. एका अहवालावर शिक्कामोर्तब करून उपचार सुरू केले असते, तर मधल्या काळात आपोआप झालेल्या सुधारणेचे श्रेय एखाद्या गोळीला गेले असते.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. पुरुषांसाठी झिंक आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांची जाहिरात सगळीकडे असते आणि आमच्याही घरात त्यांची एक डबी होती. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिने या गोळ्या घेतलेल्या गटात ३४ टक्के आणि नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी घेतलेल्या गटात ३५ टक्के जोडप्यांना मूल झाले. वीर्याच्या गुणवत्तेतही लक्षणीय सुधारणा दिसली नाही, पोटाच्या तक्रारी तेवढ्या वाढल्या. डॉक्टरांनी हे आम्ही विचारण्याआधीच सांगितले, आणि या सेवेतील जमेच्या बाजूंत मी त्याला वरचे स्थान देते.

माझ्या तपासण्यांत पाळीचा इतिहास, थायरॉइड, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक, सोनोग्राफी, स्त्रीबीज सुटते की नाही हे पाहणारी प्रोजेस्टेरॉनची चाचणी, एएमएच या अंडाशयातील संप्रेरकाची चाचणी आणि गर्भाशयाला जोडलेल्या नळ्यांची एक्स-रे तपासणी यांचा समावेश होता. पाळी नियमित, बीज सुटत असलेले, थायरॉइड ठीक, अंडाशय पीसीओएसचे, म्हणजे अनेक लहान बीजकोष साचून बीज वेळेवर न सुटण्याच्या विकाराचे, नाहीत. हे सारे चटकन उरकले. अडखळलो ते एएमएचपाशी.

माझे एएमएच ०.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आले. अहवालात त्याशेजारी एक आलेख होता, त्यावर माझा बिंदू खाली तळाशी, आणि बाजूला ‘अंडाशयाचे वय ४२’ असे छापलेले. हा आलेख या सेवेतील सर्वांत वाईट भाग आहे असे मी विचारपूर्वक म्हणते. एएमएच हे अंडाशयातील लहान बीजकोषांच्या पेशींतून स्रवते, म्हणून ते शिल्लक बीजांच्या संख्येचा अंदाज देते आणि आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर गर्भधारणा घडवण्याच्या उपचाराच्या, इंजेक्शनांना अंडाशय कसा प्रतिसाद देईल हे ठरवायला कामी येते. बीजाचा दर्जा मात्र त्यातून कळत नाही. तो मुख्यतः स्त्रीच्या खऱ्या वयावर अवलंबून असतो, कारण बीजांचे विभाजन ती जन्मण्याआधीच अर्ध्यावर थांबलेले असते आणि गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारी कोहेसिन नावाची प्रथिने इतकी वर्षे टिकता टिकता विरत जातात. चाळिशीत गुणसूत्रे चुकण्याचे प्रमाण वाढते ते त्यामुळे. ३३ वर्षांच्या स्त्रीची बीजे संख्येने थोडी असली तरी ती ३३ वर्षांचीच असतात. २०१७ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात ३० ते ४४ वयाच्या ७५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एएमएच ०.७ पेक्षा कमी असलेल्या स्त्रियांत सहा पाळीचक्रांच्या काळात दिवस जाण्याचा अंदाज ६५ टक्के, तर सर्वसाधारण पातळी असलेल्यांत ६२ टक्के निघाला, म्हणजे अर्थपूर्ण असा फरक नव्हता. त्या स्त्रियांना वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नव्हता, त्यामुळे तो निष्कर्ष मला जसाच्या तसा लागू होत नाही, हेही डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले. इतके नीट बोलणाऱ्या डॉक्टरांच्या केंद्रातून असा आलेख बाहेर पडावा याचे मला वाईट वाटते. मी लेखी कळवले आहे.

नळ्यांच्या तपासणीला, म्हणजे एचएसजीला, मी सर्वांत जास्त घाबरत होते. पाळी संपल्यानंतर आणि बीज सुटण्याआधीच्या दिवसांत ती करतात. एक्स-रेचे टेबल गार होते. गर्भाशयाच्या मुखातून बारीक नळी सरकली तेव्हा एक कळ आली, आणि एक्स-रेत दिसणारे औषध आत जाऊ लागल्यावर पाळीच्या पहिल्या दिवसासारखे, पण एकदम आणि जोरात, ओटीपोट आवळले गेले. “ताई, श्वास धरू नका, सोडत राहा,” असे परिचारिका माझ्या डोक्याशी उभ्या राहून म्हणत होत्या. मान वळवली की पडदा दिसत होता. गर्भाशयाचा लहान त्रिकोण भरला, डावीकडून केसासारखी रेघ वळणे घेत निघाली आणि तिच्या टोकाशी औषध धुरासारखे पसरले. उजवीकडे काहीच नव्हते. डॉक्टरांनी हात थांबवला, दाब कमी केला, मला थोडे कुशीवर वळायला सांगितले आणि आम्ही सगळेच गप्प राहून वाट पाहिली. मिनिटभराने उजवी रेघही उमटली. गर्भाशयाचे स्नायू आखडले की नळीचे तोंड तात्पुरते मिटते आणि नळी बंद असल्याचा भास होतो, असे त्यांनी नंतर सांगितले. घाईत केलेल्या तपासणीत ‘उजवी नळी बंद’ असे लिहून ते मोकळे झाले असते, आणि त्या एका ओळीने पुढचे सारे निर्णय बदलले असते. हा अनुभव वाचणाऱ्या प्रत्येकीने लक्षात ठेवावा, विशेषतः जिच्या जुन्या अहवालात एक नळी गर्भाशयाजवळच बंद असल्याचे लिहिले आहे तिने.

येथेही दोन त्रुटी होत्या. तपासणीपूर्वी तासभर वेदनाशामक गोळी घेता येते हे मला कोणी आधी सांगितले नाही. ते मला प्रतीक्षाकक्षातील दुसऱ्या एका स्त्रीकडून, तपासणी झाल्यावर, कळले. दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे. नेदरलँड्समधील रुग्णालयांत १,११९ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याच तपासणीसाठी तेलयुक्त औषध वापरलेल्या गटात सहा महिन्यांत ३९.७ टक्के, तर पाण्यात विरघळणारे औषध वापरलेल्या गटात २९.१ टक्के स्त्रियांना गर्भ राहून तो टिकला. नळ्यांच्या आजाराचा धोका कमी असलेल्या स्त्रियांवर ही चाचणी झाली होती, आणि मी त्यांच्यातच मोडते. तेलयुक्त औषधात आयोडीन दीर्घकाळ शरीरात राहते, त्यामुळे थायरॉइडवर लक्ष ठेवावे लागते. निवड सरळ नाही हे मला मान्य आहे. पण निवड आहे एवढे तरी आधी सांगायला हवे होते. माझ्यासाठी पाण्याचे औषध वापरले गेले आणि दुसरा पर्याय असतो हे मला अहवालानंतर, माझ्याच वाचनातून, समजले.

एंडोमेट्रिओसिसच्या, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराच्या, बाबतीत मात्र त्यांचे वागणे अगदी योग्य होते. पाळीतल्या दुखण्याबद्दल, संबंधांच्या वेळच्या दुखण्याबद्दल, शौचाच्या वेळच्या दुखण्याबद्दल त्यांनी न संकोचता विचारले, योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी वेळ घेऊन केली आणि संशयाला जागा नसल्याने लॅप्रोस्कोपीचा, म्हणजे पोटात दुर्बीण घालून पाहण्याचा, आग्रह धरला नाही. पूर्वी हे निदान दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय होतच नाही असे मानत. युरोपातील ईश्री या तज्ज्ञसंस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेने ती अट काढून टाकली आहे. गुणसूत्रांच्या तपासण्याही आम्हाला सांगितल्या गेल्या नाहीत, आणि का नाही तेही स्पष्ट केले गेले. वाय गुणसूत्राचा विशिष्ट तुकडा गहाळ असणे हे शुक्राणू नसण्याचे कारण असू शकते, ही गोष्ट १९७६ सालीच तिएपोलो आणि झुफार्डी या इटालियन संशोधकांनी दाखवली होती. पण ती तपासणी शुक्राणू मुळीच नसतील किंवा फारच थोडे असतील तेव्हाच अर्थपूर्ण ठरते. तेथे ती खरोखर दिशा दाखवते. तुकडा अमुक भागातला असेल तर वृषणातून शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते, आणि तमुक भागातला असेल तर ती असते, त्यामुळे एखाद्याची निष्फळ शस्त्रक्रिया टळू शकते.

असे असूनही पाचव्या भेटीत स्वागतकक्षातून आमच्या हाती ‘पूरक तपासण्या’ असा मथळा असलेले एक पान आले. त्यावर रक्तातील एनके पेशी (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी), शुक्राणूंच्या डीएनएची तुटफूट आणि गर्भाशयाच्या अस्तरावर ओरखडा काढणे यांच्यापुढे चौकोन होते, आणि त्यांत खूण करून सही करायची होती. रक्तातील एनके पेशींवरून गर्भाशयातील पेशींची स्थिती कळत नाही. डीएनए तुटफुटीची चाचणी अमेरिकेतील मूत्ररोग आणि प्रजनन तज्ज्ञांच्या संयुक्त मार्गदर्शिकेने सुरुवातीच्या तपासणीत करू नये असेच सांगितले आहे. अस्तरावर ओरखडा काढण्याबाबत १,३६४ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या अशा दोन्ही गटांत मूल होण्याचे प्रमाण २६.१ टक्केच निघाले. मी ते पान घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ते पाहून बाजूला ठेवले आणि “तुम्हाला यातले काही नको,” एवढेच म्हणाल्या. मग ते पान छापले का जाते, या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. ज्या जोडप्यांना प्रश्न विचारण्याचे बळ उरलेले नसते ती जोडपी येथे सही करून मोकळी होत असतील, याची मला काळजी वाटते.

शेवटच्या भेटीत अहवालाचे वाचन झाले. निदानाच्या रकान्यात ‘अकारण वंध्यत्व’ असे होते. तो शब्द वाचून माझे डोळे भरून आले. तीन महिने शोधल्यावर हाती ‘अ’ आला असे वाटले. तेव्हा डॉक्टरांनी जे समजावून सांगितले त्यासाठी मी या सेवेची शिफारस करीन. आपल्या चाचण्या तीन गोष्टी पाहतात, त्या म्हणाल्या. बीज सुटते का, शुक्राणू पुरेसे आणि पोहणारे आहेत का, आणि दोघांच्या भेटीची वाट मोकळी आहे का. भेट झाल्यावर काय घडते ते यांतली एकही चाचणी पाहत नाही. म्हणून या शब्दाचा अर्थ कारण नाही असा घेऊ नका, आमच्या साधनांना ते दिसत नाही असा घ्या.

घरी येऊन मी त्या भेटीविषयीच्या संशोधनाचे जमेल तेवढे वाचले. २००५ साली जपानी संशोधकांनी शुक्राणूच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन शोधले आणि विवाहाशी निगडित असलेल्या देवस्थानावरून त्याला इझुमो हे नाव दिले. हे प्रथिन नसलेल्या नर उंदरांचे शुक्राणू दिसायला नेहमीसारखे, पोहणारे, बीजाच्या कवचातून आत शिरणारेही असतात, आणि बीजापाशी पोहोचल्यावर त्याच्याशी एकरूप होऊ शकत नाहीत. असा नर सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत निर्दोष ठरला असता. २०१४ साली बीजाच्या बाजूचे जोडीदार प्रथिन सापडले, त्याचे नाव जुनो. २०१६ साली ट्यूब-बी-८ या जनुकातील दोषांमुळे काही स्त्रियांची बीजे विभाजनाच्या मधल्या टप्प्यावरच अडकून पडतात असे दिसले. त्यांची पाळी, संप्रेरके, नळ्या या कशातूनही ते बाहेरून ओळखता येत नाही. २०२४ साली संगणकाने वर्तवलेल्या प्रथिनरचनांच्या मदतीने असेही कळले की इझुमो एकटे नसते, शुक्राणूवर तीन प्रथिनांचा एक जुडगा असतो आणि तो माशांपासून सस्तन प्राण्यांपर्यंत टिकून आहे. यातील बरेच काम उंदरांवर आणि माशांवरचे आहे. त्यावर आधारलेली चाचणी आमच्या फाइलमध्ये यायला वेळ आहे. तरीही ‘अकारण’ या शब्दाखाली काय काय दडलेले असू शकते ते कळल्यावर मला तो शब्द आता आरोपासारखा वाटत नाही.

माझ्या पतींनी शेवटी विचारले, की जगभर पुरुषांचे शुक्राणू कमी होत आहेत असे वाचतो, त्यातलेच हे आहे का. १९७३ ते २०११ या काळातील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ साली प्रसिद्ध झाले, त्यात पाश्चात्त्य देशांतील पुरुषांत शुक्राणूंची घनता ५२.४ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष होता, आणि त्यावर तज्ज्ञांत अजूनही वाद आहे. मोठ्या समूहाच्या सरासरीवरून एका माणसाचे कारण सांगता येत नाही, आणि तुमचा दुसरा नमुना पुरेसा चांगला आहे, असे डॉक्टर म्हणाल्या. पुढचा पर्याय म्हणून त्यांनी बीजवाढीच्या औषधांसह आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार, सुचवले, जे ईश्रीच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेलाही धरून आहे, आणि विचार करायला हवा तेवढा वेळ घ्या असे सांगितले. समुपदेशकांची भेट मात्र त्यानंतर, सर्वांत शेवटी, ठेवलेली होती; ती पहिल्या वीर्य-अहवालाच्या दिवशी मिळायला हवी होती.

जायच्या आधी आणखी एक कागद आला. तपासणीनंतर उरलेले रक्त आणि वीर्य नावाऐवजी क्रमांक घालून कारणांच्या संशोधनासाठी राखून ठेवायला आमची संमती आहे का, असे त्यावर विचारलेले होते. संमती केव्हाही मागे घेता येईल, नकार दिल्यास सेवेत फरक पडणार नाही, आणि संशोधनातून काही निघाले तरी ते आम्हाला वैयक्तिकरीत्या कळवले जाईलच असे नाही, हे तीनही मुद्दे ठळक अक्षरांत होते. पूरक तपासण्यांच्या पानावर असा एकही खुलासा नव्हता. माझ्या पतींनी तो कागद दोनदा वाचला, तंत्रज्ञ बाईंच्या त्या चौकटींच्या काचेवर पुढे आणखी कोण काय पाहील असे मला विचारले, आणि माझ्या आधी सही केली.